‘अजून एक अटेम्प्ट देऊ का, मामा?’

बहिणीचा मुलगा पदवी घेऊन पुण्यात गेला, त्याला चार वर्षं झाली. राज्यसेवा दिली, कम्बाइन दिली, मध्ये एकदा यूपीएससीचाही फॉर्म भरला. यंदाही यादीत नाव नाही. ताईचा फोन येतो, ‘तुझं ऐकतो तो. तूच काहीतरी समजाव.’ दोन दिवसांनी भाच्याचाही येतो, ‘मामा, अजून एक अटेम्प्ट देऊ का?’

मामाच्या जागी कुठे काका असतो, कुठे आत्या, कुठे नोकरीला लागलेली थोरली बहीण. उत्तरं मात्र सगळीकडे दोनच ऐकू येतात. ‘सोड आता, वय वाढतंय’ किंवा ‘हिंमत सोडू नकोस, होईल.’ दोन्ही मायेनेच दिलेली असतात. पण दोन्हींत त्या मुलाची चौकशी नसते. तो कुठे अडकलाय, काय बदललंय, पुढच्या वर्षाची किंमत किती, हे न विचारताच निकाल दिलेला असतो. सल्ला देण्याआधी काय पाहायचं आणि कुठल्या क्रमाने पाहायचं, ते या प्रकरणात बघू.

१. नेमका कुठे अडकलाय?

‘झालं नाही’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. यूपीएससीने २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेचे जाहीर केलेले आकडे पाहा. अर्ज आले ११,३५,६९७. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,७३,७३५, म्हणजे जवळपास निम्मे लोक फॉर्म भरून आलेच नाहीत. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १३,०९०. मुलाखतीपर्यंत पोचले २,५२९. शेवटच्या यादीत ९३३.

एवढे मोठे आकडे डोळ्यांसमोर राहत नाहीत, म्हणून ते हजारावर आणू. पूर्व परीक्षेला हजार मुलं बसली, तर त्यांतली साधारण २३ मुख्यला गेली, चार-पाच मुलाखतीला गेली आणि यादीत एक किंवा दोन आली. आता टप्प्याटप्प्याने बघा. पूर्व परीक्षेत ४४ जणांमागे एक जण पुढे गेला. मुख्यमध्ये पाचांत एक. मुलाखतीत मात्र आठांत तीन. म्हणजे सगळ्यात मोठी गळती पहिल्याच दारात आहे.

म्हणून दोनदा मुलाखत देऊन राहिलेला मुलगा आणि चार वर्षांत एकदाही पूर्व न निघालेला मुलगा, यांना एकच सल्ला लागू पडत नाही. पहिल्याने अवघड दार दोनदा ओलांडलंय. दुसऱ्याला ते अजून उघडलेलं नाही. एक गोष्ट मात्र दोघांनाही सारखीच लागू आहे. गेल्या वर्षीची मुलाखत यंदा जमेला धरली जात नाही, नवीन वर्षी पुन्हा पूर्वपासून सुरुवात.

या आकड्यांवरून ‘सहाशेत एक, म्हणजे तुझं काही होत नाही’ असं भाच्याला ऐकवू नका. ती सरासरी आहे. नुसता अनुभव म्हणून बसलेलेही तिच्यात आहेत आणि तिसऱ्यांदा मुख्य देणारेही. आकड्यांचा उपयोग एवढाच, की तुमचा मुलगा या गर्दीत कुठे उभा आहे हे विचारता येतं. राज्यसेवेचा हिशोबही असाच मांडता येतो. जाहिरातीत पदसंख्या असते, पूर्वच्या निकालात पात्र उमेदवारांची यादी असते आणि कट-ऑफ आयोग जाहीर करतो.

२. गेलेली वर्षं आणि त्या वर्षांनी दिलेली माहिती

‘चार वर्षं घातली मामा, आता सोडलं तर सगळं पाण्यात.’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक मुलगा म्हणतो. आपल्यालाही ते पटतं, आणि अडचण तिथेच आहे.

गावाकडे बोअर मारताना हाच प्रसंग येतो. तीनशे फूट झाले, पाणी नाही. मशीनवाला विचारतो, अजून शंभर मारू का? जसजसं खोल जावं तसा फुटामागचा भाव चढतो. शेतकरी म्हणतो, ‘एवढा पैसा घातलाय, आता थांबून कसं चालेल?’ पण तीनशे फुटांचे पैसे गेले ते गेलेच. बोअर थांबवली तरी ते परत येत नाहीत, पुढे मारली तरी येत नाहीत. दोन्हीकडे जी रक्कम सारखीच आहे ती निर्णयातून वजा करायची. उरतो एवढाच प्रश्न, की पुढच्या शंभर फुटांचा खर्च किती आणि तिथे पाणी लागण्याची आशा किती?

अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी ओळखला जातो. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामभराची तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना, त्यांनी न मागता, सवलत दिली गेली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. पैसे जास्त गेले म्हणून नाटक जास्त चांगलं होत नाही, तरी पाय तिकडे ओढले जातात. तिकिटाच्या पैशांचा एवढा ओढा असेल, तर तरुणपणातल्या चार वर्षांचा किती असेल?

पण इथेच एक बारकावा आहे आणि तो सहसा निसटतो. तीनशे फुटांचे पैसे विसरायचे, पण त्या तीनशे फुटांतून काय वर आलं ते विसरायचं नाही. वर नुसता कोरडा धुरळा येत होता, की शेवटच्या वीस फुटांत ओल लागायला सुरुवात झाली होती? खर्च गेला तरी ही माहिती हातात राहते.

परीक्षेतली ओल गुणांत दिसते. समजा एका मुलाचे पूर्वचे गुण तीन वर्षं कट-ऑफच्या अनुक्रमे २२, ११ आणि ४ ने खाली राहिले. दुसऱ्याचे ३, १२ आणि ५ ने. दुसरा सांगतो, ‘पाचच मार्कांनी गेलं.’ खोटं बोलत नाही तो. पण कट-ऑफच्या आसपास उमेदवारांची दाटी असते, पाच गुणांच्या पट्ट्यात प्रचंड गर्दी सामावते, त्यामुळे ‘पाचच’ हा शब्द फसवा आहे. पहिल्या मुलाच्या गुणांना चढ आहे, पुढच्या अटेम्प्टसाठी त्याच्याकडे कारण आहे. दुसऱ्याचे गुण तिथल्या तिथे वर-खाली होतायत. त्याला एकच विचारायचं, ‘पुढच्या वर्षी तू वेगळं काय करणार आहेस?’ ‘जास्त अभ्यास’ हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ‘दिवसाला दोन तास जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणार, सीसॅटचं गणित पक्कं करणार’ हे उत्तर झालं.

कधी जमीनच बदलते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हा बदल कधीपासून लागू करावा यावरून पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. वर्षानुवर्षं पर्याय निवडण्याचा सराव केलेल्याच्या मुख्यच्या जुन्या गुणांवरून आता फारसं कळत नाही. ज्याचा लिहिण्याचा हात चांगला आहे त्याच्यासाठी हा बदल चांगला, ज्याला दोन पानं सलग लिहिता येत नाहीत त्याला नव्याने सुरुवात. मामाने हे विचारायला हवं. भाच्याने हाताने लिहिलेलं एखादं उत्तर मागून वाचायलाही हरकत नाही.

३. एका वर्षाला किती पैसे पडतात?

‘महिना दहा हजार पाठवतो, त्यात भागतं.’ घरात हिशोब इथेच संपतो. कॉट बेसिसवर साडेतीन हजार, मेसचे साडेतीन, अभ्यासिकेचे बाराशे, उरलेले अठराशे चहा, झेरॉक्स, टेस्ट सिरीज आणि गावी जाण्या-येण्याचे, असं उदाहरणादाखल धरू. वर्षाचे झाले १,२०,०००.

पण याच वर्षात तो नोकरीला असता तर? महिना १८,००० ची साधी नोकरी धरली, तरी न मिळालेले २,१६,००० रुपये या वर्षाच्या खर्चात मिळवावे लागतात. एकूण झाले ३,३६,०००. एक गोष्ट निवडली की दुसरी हातची जाते, आणि हातच्या गेलेल्या त्या गोष्टीची किंमत म्हणजे संधीची किंमत. ती खिशातून जात नाही, म्हणून दिसत नाही. एका वर्षाचा अनुभव जातो तो वेगळाच.

हा आकडा मुलाच्या तोंडावर फेकायचा नाही. बरोबर बसून, कागदावर, त्यालाच मांडायला लावायचा. कधी कधी हिशोब मांडूनही उत्तर ‘अजून एक वर्ष’ असंच येतं, आणि ते चूक नसतं. वर्ग-एकच्या पदासाठी तीन लाखांचं एक वर्ष मोजायला अनेक जाणती माणसं तयार होतील. फक्त ते तीन लाखांचं आहे हे माहीत असून मोजलेलं असावं.

४. आधी बंद होणारी दारं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घरात तो कुणी काढतच नाही.

राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयाची अट ३८, मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं. यूपीएससीत खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा संधी, ओबीसींना ३५ आणि नऊ, अनुसूचित जाती-जमातींना ३७ आणि संधींची मोजदाद नाही. म्हणजे राज्यसेवेचं दार फार उशिरापर्यंत उघडं राहतं. ही सवलत वाटते, आणि आहेही. पण त्या दारासमोर उभं असताना बाजूची दारं एकेक करून लागत जातात.

आयबीपीएसमार्फत बँकेतली क्लार्कची भरती खुल्या गटाला २८ वर्षांपर्यंत, प्रोबेशनरी ऑफिसरची ३० पर्यंत. राखीव गटांना त्यात काही वर्षांची सूट आहे, पण दार त्यांच्यासाठीही राज्यसेवेच्या आधीच लागतं. मुख्यमंत्री फेलोशिपला तर वयोमर्यादा २६. खासगी क्षेत्रात लेखी अट कुठे नसते, पण तिशीतल्या नवख्याला घेताना समोरचा माणूस दहा वेळा विचार करतो.

म्हणून भाच्याबरोबर बसून एक साधी यादी करा. त्याचं आजचं वय लिहा, पुढे प्रत्येक पर्यायाची शेवटची वयोमर्यादा लिहा आणि सगळ्यात आधी बंद होणारा पर्याय वर ठेवा. २७ वर्षांच्या मुलाच्या यादीत सगळ्यात वर बँकेचा फॉर्म येईल. राज्यसेवेच्या अभ्यासातलं गणित, बुद्धिमापन आणि चालू घडामोडी तिथेही कामी येतात. दोन-तीन महिने वेगळा सराव करून तो फॉर्म भरला, तर राज्यसेवा सुटत नाही. उलट, छोटी पोस्ट हातात घेऊन पुढचे अटेम्प्ट देणारे अधिकारी आपल्याकडे काही कमी नाहीत. रात्री अभ्यास करताना मेसचे पैसे स्वतःचे असले की बसण्याची ढबच बदलते.

उघडं राहणारं दार आणि बंद होणारं दार, हा भेद थोरल्यांनी मुलांना दाखवायलाच हवा. एमए दोन वर्षांनी करता येतं. तीन वर्षांची एलएलबी पस्तिशीतही करता येते. त्यासाठी आज घाई नाही. घाई कशाची आहे ते वेगळं काढून दाखवायचं.

५. बोलायचं कसं?

इथवरचा हिशोब बरोबर असूनही बोलणं फिसकटतं. त्याचं कारण ठरलेलं असतं. तुम्ही म्हणता ‘सोड’, की तो न सोडण्याची दहा कारणं सांगतो. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो त्यावर त्याचा विश्वास घट्ट होत जातो. अर्ध्या तासाच्या समजावणीनंतर तो आधीपेक्षा जास्त ठाम होऊन उठतो.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला दारूच्या आहारी गेलेल्या लोकांबरोबर काम करताना हेच दिसलं. त्याने १९८३ मध्ये त्यावर पहिला लेख लिहिला आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर समुपदेशनाची एक पद्धत उभी केली, जी आज जगभर वापरली जाते. अभ्यास करणाऱ्या मुलाचा आणि व्यसनाचा काही संबंध नाही. पण दोन मनांत अडकलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे त्या पद्धतीतून शिकण्यासारखं आहे. तिच्यातला एक प्रश्न मामाला सहज वापरता येईल.

‘बँकेचा फॉर्म भरायची तुझी तयारी दहापैकी किती?’
‘तीन.’
‘तीन? मग एक का नाही म्हणालास?’
‘नाही… म्हणजे गणित बरं आहे माझं. आणि पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, त्यांच्याकडे दर महिन्याला किती मागणार? रूम पार्टनर पण भरतोय.’
‘हं.’
‘पण मग राज्यसेवेचं मागे पडेल ना, मामा?’
‘किती पडेल, सांग बघू. महिन्याचा हिशोब करून सांग.’

याच जागी ‘तीनच? दहा का नाही?’ असं विचारलं असतं, तर भाच्याने फॉर्म न भरण्याची कारणं मोजून दाखवली असती. प्रश्न खालच्या अंकाकडून विचारला की माणूस आपल्या बाजूची कारणं स्वतःच शोधतो. मधला तो ‘हं’ही महत्त्वाचा आहे. तिथे व्याख्यान सुरू केलं की संपलं. आणि हे बोलणं निकालाच्या दिवशी नको, लग्नाच्या पंगतीत नको, आईवडील समोर बसलेले असताना तर नकोच. गाडीवर किंवा शेताकडे चालत जाताना, जिथे डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नसते, तिथे मुलं जास्त बोलतात.

बोलताना एकीकडे लक्ष ठेवायचं. सणालाही घरी न येणारा, फोन टाळणारा, रात्र-रात्र न झोपणारा, ‘माझा कुणाला काय उपयोग’ अशी भाषा बोलणारा मुलगा असेल, तर अटेम्प्टचा विषय बाजूला ठेवायचा. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा वेळी त्याच दिवशी त्याच्या खोलीवर जाऊन पोचणं सगळ्यात चांगलं.

६. थांबण्याची खूण आधीच लिहून ठेवणं

बोअरवाल्याशी शहाणा शेतकरी मशीन सुरू होण्याआधीच बोलतो, साडेतीनशेपर्यंत ओल लागली नाही तर बंद. मशीन घरघरत असताना आणि सगळं गाव भोवती उभं असताना हा निर्णय होत नाही. परीक्षेचंही तसंच आहे. निकालाच्या संध्याकाळी मन एकतर पूर्ण मोडलेलं असतं, नाहीतर जिद्दीने पेटलेलं. म्हणून खूण आधी ठरवायची, भाच्यानेच ठरवायची आणि स्वतःच्या अक्षरात लिहायची.

खुणेत दोन गोष्टी हव्यात, एक तारीख आणि एक मोजता येणारी अट. ‘मनापासून प्रयत्न करून पाहीन’ ही खूण नव्हे. ‘पुढच्या पूर्व परीक्षेत कट-ऑफ ओलांडला तर मुख्य देणार. नाही ओलांडला तर निकालाच्या महिन्याअखेरीस पुण्यातली खोली सोडणार, नोकरी शोधणार आणि राज्यसेवा द्यायचीच असेल तर नोकरी सांभाळून देणार’ ही खूण. पूर्व पुढे ढकलली गेली तर काय, हेही लिहायचं, कारण ते घडतं. मार्च २०२१ मध्ये पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली आणि मुलं पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरली. आयोगाचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. आपली तारीख आहे.

सोडण्याच्या भीतीबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी एक संकेतस्थळ काढलं. मोठ्या निर्णयावर अडकलेले लोक तिथे येऊन नाणं उडवत. नोकरी सोडू का, नातं तोडू का, असे प्रश्न. सहा महिन्यांनी पाहिलं, तर महत्त्वाच्या निर्णयांत ज्यांना नाण्याने ‘बदल’ सांगितलं होतं, ते ‘आहे तेच’ सांगितलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त समाधानी होते. हे लोक स्वतःहून आलेले आणि अगदी काठावर उभे असलेले होते, त्यामुळे प्रत्येकाने सोडावंच असं यातून निघत नाही. पण बराच काळ काठावर उभा असलेला माणूस बदलाला गरजेपेक्षा जास्त घाबरत असतो, एवढं त्यातून दिसतं.

७. भाचा नाही, भाची असेल तर

आतापर्यंतचं सगळं मुलाला जास्त वर्षं मिळतात असं गृहीत धरून लिहिलं. मुलीचं उलट असतं. तिच्या थांबण्याची तारीख तिने न ठरवता घराने ठरवलेली असते. ‘दोन वर्षं दिली, आता स्थळं बघतोय.’ तिसऱ्या वर्षी तिचे गुण कट-ऑफच्या जवळ आलेले असतात, आणि त्याच वर्षी तिला गावी बोलावून घेतात. २०२२ च्या यूपीएससीच्या ९३३ जणांच्या यादीत ३२० महिला होत्या आणि पहिले चारही क्रमांक मुलींचे होते.

तिथे मामाचं काम बदलतं. हिशोब तोच मांडायचा, पण ताई-दाजींसमोर, आणि तिच्या बाजूने बसून. तिच्या गुणांचा चढ दाखवायचा, तिने लिहिलेली खूण वाचून दाखवायची आणि त्या तारखेपर्यंत कुणी स्थळाचा विषय काढणार नाही असा शब्द घ्यायचा. पैशांची अडचण पुढे केली जात असेल तर मेसचा भार काही महिने आपण उचलायचा. थोरल्या नातेवाईकाचं वजन घरात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते इथे.

८. ठरल्यानंतर

तो थांबला, तर पहिले सहा महिने अवघड जातात. जत्रेत, लग्नात, एसटी स्टँडवर प्रत्येक जण विचारतो, ‘काय झालं रे तुझ्या एमपीएससीचं?’ तो सोबत असेल तेव्हा उत्तर मामाने द्यावं, ‘त्याने ठरवून थांबवलंय, आता बँकेचं बघतोय.’ आवाज खाली न घेता. बायोडेटात चार वर्षांची रिकामी जागा सोडू नये. कोणत्या परीक्षा दिल्या, कोणता टप्पा पार केला, कोणते विषय केले हे सरळ लिहावं. एक्सेल आणि मराठी-इंग्रजी टायपिंग येत नसेल तर ते आधी शिकून घ्यावं, त्यामुळे कार्यालयीन नोकऱ्यांचे बरेच रस्ते मोकळे होतात. राज्यघटना आणि अर्थव्यवस्था मनापासून वाचलेल्याला कायदा आवडू शकतो, शिकवायची हौस असलेल्याला बी.एड. दोन्हींच्या प्रवेशासाठी सीईटी असते आणि परीक्षा देण्याची सवय तर त्याला आहेच.

आणि त्याने अजून एक अटेम्प्ट द्यायचं ठरवलं, खूण लिहिली, तर ठरलेल्या महिन्यांचे पैसे ठरलेल्या तारखेला, उपकार न दाखवता पोचते करावेत. टेस्ट सिरीजमध्ये किती पडले हे दर आठवड्याला विचारू नये, ताईलाही विचारू देऊ नये. फोन करायचा तो जेवलास का, गावी कधी येतोस, पप्पांचा गुडघा कसा आहे, यासाठी. निकालाचा फोन त्याचा त्याने करायचा, हे आधीच बोलून ठेवावं.